सामायिक ज्ञान आणि नोंदीची शिस्त

महाराष्ट्रातील कुळकायद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘नोंद’ या शब्दाचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा मालक मानला जावा, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले. तत्त्व क्रांतिकारक होते. परंतु प्रत्यक्ष कसत होता कोण, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा नांगर धरणाऱ्या हाताच्या साक्षीपेक्षा तलाठ्याच्या दप्तरातील ओळ अधिक वजनदार ठरली. ज्याचे नाव कागदावर होते त्याचे पारडे जड झाले; ज्याचे नव्हते त्याला आपल्याच घामाचा पुरावा शोधत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. नोंद कोण करतो, कशाच्या आधारावर करतो आणि ती बदलली तर त्या बदलाचा माग कोठे राहतो, हे प्रश्न म्हणून कारकुनी नव्हेत. ते सत्तेचे प्रश्न आहेत.

आज या प्रश्नांना एक नवे आणि जगव्यापी क्षेत्र लाभले आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेला ‘विकिडेटा’ हा खुला माहितीसंग्रह म्हणजे एका अर्थाने साऱ्या जगाचे दप्तर होय. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचे हे भावंड. बर्लिनमधील ‘विकिमीडिया डॉइशलँड’ या संस्थेने ते उभारले. विकिपीडियात लेख असतात, विकिडेटात सुटी विधाने असतात. प्रत्येक व्यक्ती, गाव, नदी, ग्रंथ वा कल्पना यांना एक क्रमांक मिळतो. मुंबईचा क्रमांक क्यू ११५६, पुण्याचा क्यू १५३८. त्या क्रमांकाखाली ‘हे शहर आहे’, ‘हे अमुक राज्यात आहे’, ‘याची लोकसंख्या अमुक’ अशी विधाने नोंदवली जातात. अशा नोंदींची संख्या आता ११ कोटींच्या पुढे गेली आहे. बहुतांश नोंदी जगातील कोणालाही बदलता येतात आणि कोणालाही, कोणत्याही हेतूने, विनामूल्य व विनाअट वापरता येतात.

मालकी नसलेली, सर्वांनी मिळून राखलेली आणि सर्वांना खुली असलेली ही संपत्ती समाजवादी विचाराच्या माणसाला आकर्षक वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु आकर्षण वाटणे ही एक गोष्ट आणि ती संपत्ती नीट राखणे ही दुसरी. सामायिक गायरान कोणाचेच नाही असे समजून जो तो आपले गुरे सोडू लागला की वर्षभरात तेथे कुसळही उरत नाही. सामायिक मालमत्तेला खाजगी मालमत्तेपेक्षा कमी नव्हे, अधिक शिस्त लागते. विकिडेटावर काम करू इच्छिणाऱ्या नव्या संपादकाने संपादनाच्या चांगल्या रीती का शिकाव्यात, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

दारावरचा संपादक गेला, तेव्हा

मराठीला कोशरचनेची मोठी परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड जिद्दीने तडीस नेले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड बाहेर पडला. या दोन्ही उपक्रमांत ज्ञानाच्या दारावर संपादक उभा होता. कोणता मजकूर आत जाईल, कोणता परत जाईल, कोणत्या आधाराशिवाय विधान छापायचे नाही, हे तो ठरवीत असे. त्या पद्धतीत विद्वत्तेची हमी होती, पण दारही अरुंद होते. आत कोण येणार हे ठरविण्याचा अधिकार मोजक्यांच्या हाती होता. खेड्यातील शिक्षकाला, गिरणीतील कामगाराला आपल्या परिसराविषयी जे ठाऊक होते ते त्या दारातून आत जाण्याचा मार्ग सहसा नव्हता.

विकिडेटाने दार काढून टाकले. दार काढल्यावर दारावरच्या माणसाचे काम मात्र संपत नाही. ते आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर पडते. जो नोंद करतो त्यानेच आधार तपासायचा, त्यानेच अचूकपणाची काळजी घ्यायची, दुसऱ्याने आक्षेप घेतला तर त्यानेच उत्तर द्यायचे. लोकशाहीत राजा नाहीसा होतो तेव्हा राजाची जबाबदारी नागरिकांत वाटली जाते, तसेच हे. हक्क तेवढा घेऊन जबाबदारी नाकारणारा नागरिक जसा लोकशाहीला पोकळ करतो, तसा केवळ उत्साहाच्या भरात नोंदी करणारा संपादक या दप्तराला पोकळ करतो.

ही शिस्त तरी कोणती? ती कठीण नाही. परंतु प्रत्येक नियमामागचे कारण समजून घेतल्याशिवाय ती अंगी बाणत नाही.

पहिला नियम: नवी नोंद उघडण्यापूर्वी जुनी शोधावी. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत, आणि त्यांत वडगाव किती, पिंपळगाव किती, याची गणती करणेही अवघड. आपल्या वडगावची नोंद मराठी नावाने सापडली नाही म्हणून नवा संपादक नवी नोंद उघडतो. प्रत्यक्षात तीच नोंद इंग्रजी अक्षरांत, वेगळ्या स्पेलिंगने आधीच असते. मग एकाच गावाची दोन खाती होतात. एका खात्यात लोकसंख्या, दुसऱ्यात छायाचित्र, आणि शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच गाव. याच्या उलट चूकही घडते: नाव सारखे म्हणून दोन तालुक्यांतील दोन भिन्न गावे एका क्रमांकाखाली कोंबली जातात. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक दिला आहे. तो ताडून पाहिला तर दोन्ही चुका टळतात. आणि नोंदीखाली मराठीत दोन शब्दांचे वर्णन, म्हणजे अमुक तालुक्यातील गाव, एवढे जरी लिहिले तरी पुढच्या माणसाचा तासभराचा शोध वाचतो.

दुहेरी नोंद आढळलीच, तर एक पुसून टाकायची नसते. ती दुसरीत विलीन करायची असते. विलीन केल्यावर जुना क्रमांक नव्याकडे बोट दाखवीत राहतो. पुसला तर त्या क्रमांकावर अवलंबून असलेल्या साऱ्या ठिकाणच्या वाटा तुटतात.

दुसरा नियम: प्रत्येक विधानाला आधार हवा, आणि तो आधार स्वतंत्र हवा. विकिपीडियात लिहिले आहे म्हणून विकिडेटात लिहिले, हा आधार नव्हे. अनेक भाषांतील विकिपीडियाच्या माहितीचौकटी विकिडेटावरूनच भरल्या जातात. तेथील मजकूर उचलून वृत्तपत्रे बातम्या सजवतात, आणि काही काळाने तीच बातमी पुरावा म्हणून विकिडेटात येते. एकाने दुसऱ्याला जामीन राहावे आणि दुसऱ्याने पहिल्याला, अशातला हा प्रकार. वर्तुळ पूर्ण होते, पण त्याच्या मध्यभागी सत्य असेलच असे नाही. जनगणनेचे अहवाल, शासकीय राजपत्र, जिल्हा गॅझेटियर, प्रकाशित ग्रंथ, अभ्यासकांचे प्रबंध हे खरे आधार. येथे एक महत्त्वाची गोष्ट नव्या संपादकांना क्वचितच सांगितली जाते: आधार संगणकाच्या पडद्यावरच सापडला पाहिजे असा नियम नाही. ग्रंथालयाच्या फडताळातील पुस्तक, त्याचे नाव, वर्ष व पृष्ठ नोंदवून, तितकाच ग्राह्य आधार ठरते. ज्या भाषांचे ज्ञान अजून पुस्तकांतच आहे, त्यांच्यासाठी ही सवलत नव्हे, हा हक्क आहे, आणि मराठी संपादकांनी तो बजावला पाहिजे.

काळ पुसू नये

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: जे बदलले ते पुसायचे नसते, त्याला तारीख जोडायची असते. बृहन्मुंबईची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १,१९,७८,४५० होती, २०११ मध्ये ती १,२४,४२,३७३ झाली. नवा आकडा आला म्हणून जुना खोडणारा संपादक नकळत इतिहास खोडतो. दोन्ही आकडे ठेवावेत, प्रत्येकाला वर्ष जोडावे, आणि नव्याला अग्रक्रम द्यावा. विचारणाऱ्याला आजचा आकडा मिळेल आणि अभ्यासकाला दोन्ही. एखादे विधान ‘त्याज्य’ ठरविण्याची सोयही विकिडेटात आहे. ती कालबाह्य गोष्टींसाठी नाही. जे कधीच खरे नव्हते, पण एखाद्या प्रतिष्ठित ग्रंथात चुकून छापले गेले आहे, ते त्याज्य म्हणून, कारणासह, तसेच ठेवायचे, म्हणजे तीच चूक दुसरा कोणी पुन्हा आणून घालणार नाही. कालबाह्य आणि असत्य यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला या दप्तराचे अर्धे मर्म कळले.

या भेदाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९४५ साली तलासरी-डहाणू भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, तो आज पालघर जिल्ह्याच्या इतिहासाचा अभिमानास्पद भाग आहे. परंतु पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यापूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. आणि १९४५ साली तर महाराष्ट्र राज्यही नव्हते, मुंबई प्रांत होता. एखाद्या गावाच्या नोंदीत ‘ठाणे जिल्हा’ खोडून ‘पालघर जिल्हा’ लिहिले, तर आजचे खरे, पण कालचे खोटे. दोन्ही ठेवून पहिल्याला शेवटची आणि दुसऱ्याला सुरुवातीची तारीख जोडली, तर उद्या कोणी अभ्यासकाने ‘१९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात असलेली गावे’ मागितली तरी त्याला योग्य उत्तर मिळेल. दोन तारखांचा हा प्रश्न. पण त्या दोन तारखांअभावी चळवळीचा भूगोलच बदलतो.

गावांच्या आणि शहरांच्या नामांतराच्या बाबतीत तर या नियमाची कसोटीच लागते. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’चे अधिकृत इंग्रजी नाव ‘मुंबई’ झाले. मराठीत ते पूर्वीपासून मुंबईच होते. २०२३ मध्ये औरंगाबादचे नामांतर छत्रपती संभाजीनगर असे झाले. अशा प्रसंगी एका बाजूला जुने नाव समूळ नाहीसे करण्याचा, तर दुसऱ्या बाजूला नवे नाव शिरूच न देण्याचा मोह होतो. विकिडेटाची रीत दोघांनाही सारखीच लागू आहे. अधिकृत नाव कोणते होते, कधीपर्यंत होते, नवे कधी आणि कोणत्या राजपत्राने आले, ते लिहावे. जुने नाव पर्यायी नावांत ठेवावे. शहराचा क्रमांक मात्र तोच राहतो. नामांतर योग्य की अयोग्य, हा वाद लढायला सभा आहेत, वृत्तपत्रे आहेत, विधिमंडळ आहे. दप्तर हे त्या लढाईचे मैदान नव्हे. ज्या कार्यकर्त्याला आपली बाजू न्याय्य आहे असा विश्वास वाटतो, त्याला नोंद वाकविण्याची गरज भासू नये.

चौथा नियम वस्तूंच्या वर्गीकरणाचा. ‘गोदावरी’ ही एक नदी आहे, म्हणजे ‘नदी’ या वर्गातील एक उदाहरण आहे. ‘नदी’ हा मात्र ‘जलप्रवाह’ या अधिक मोठ्या वर्गाचा पोटवर्ग आहे. उदाहरण आणि पोटवर्ग यांची गल्लत झाली की यंत्र त्यातून हास्यास्पद निष्कर्ष काढते, कारण यंत्राला तारतम्य नसते. त्याला सांगितले तेवढेच कळते. ‘गोदावरी’ हे स्त्रीचे नावही आहे, त्याची नोंद निराळी. गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) ही व्यक्ती निराळी. त्यांचे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले आणि १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी ठरलेले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही साहित्यकृती निराळी. आणि त्या कृतीची एखादी विशिष्ट आवृत्ती, तिचा प्रकाशक व पृष्ठसंख्या यांची नोंद त्याहूनही निराळी. पुरस्कार कृतीला मिळतो, आवृत्तीला नाही. पृष्ठसंख्या आवृत्तीला असते, कृतीला नाही. हे भेद ग्रंथपालांना पाठ असतात. म्हणूनच महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांतून काम करणारे हजारो कर्मचारी या कामाचे सर्वोत्तम शिक्षक ठरू शकतील. त्यांना कोणी बोलावलेले मात्र नाही.

पाचवा नियम माणसांविषयीचा आहे आणि भारतात तो प्राणापलीकडे जपला पाहिजे. हयात व्यक्तीचा धर्म, वांशिक ओळख, लैंगिकता, आजार अशा गोष्टी भक्कम व प्रकट आधाराशिवाय नोंदवू नयेत, असा संकेत आहे. आडनावावरून जात ओळखण्याची जी विद्या या समाजात घरोघर अवगत आहे, तिला येथे मज्जाव असलाच पाहिजे. वृत्तपत्रातील अंदाज चार दिवसांत रद्दीत जातो. विकिडेटातील विधान मात्र यंत्रांना वाचता येते, क्षणार्धात हजार ठिकाणी जाते आणि माणसांच्या याद्या तयार करण्याच्या कामी येऊ शकते. अशा याद्यांचा दंगलीच्या दिवसांत काय उपयोग होतो, हे या देशात कोणाला सांगावे लागू नये.

वेगाचा मोह

सहावा आणि शेवटचा नियम वेगाचा. विकिडेटात हजारो नोंदी एका झटक्यात घालणारी साधने उपलब्ध आहेत. तक्ता तयार करावा, कळ दाबावी, आणि सायंकाळपर्यंत दहा हजार विधाने जमा. पण तक्त्यातील एक रकाना सरकला तर चुकाही दहा हजारच. म्हणून रीत अशी: आधी पाच-दहा नोंदी करून पाहाव्यात, त्या डोळ्यांनी तपासाव्यात, कामाचा आवाका मोठा असेल तर चर्चापानावर सांगून इतरांचे मत घ्यावे, आणि मगच पुढे जावे. सराव करायचा तर त्यासाठी वेगळी जागा राखून ठेवलेली आहे. खऱ्या नोंदींवर प्रयोग करू नयेत.

वेगाचा मोह किती महाग पडतो याचे उदाहरण फिलिपिन्समधील सिबुआनो भाषेचे आहे. त्या भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांहून अधिक लेख आहेत, पण त्यांतील बहुसंख्य एका स्वयंचलित यंत्रणेने भौगोलिक याद्यांवरून तयार केलेले. प्रत्यक्ष लिहिणारी माणसे मूठभर. त्या याद्यांतील दोष लेखांत उतरले, लेखांतून विकिडेटात आले. एकाच डोंगराच्या, एकाच ओढ्याच्या दोन-दोन नोंदी झाल्या आणि त्या निस्तरण्याचे काम जगभरच्या स्वयंसेवकांना वर्षानुवर्षे करावे लागले. आकड्यांनी भाषा मोठी दिसली. तिचे वाचक आणि लेखक मात्र होते तेथेच राहिले. मराठीच्या कैवाऱ्यांनी हा धडा ध्यानात ठेवावा. नोंदींच्या संख्येचा उच्चांक हा भाषेच्या प्रगतीचा पुरावा नव्हे.

फुकटचे श्रम कोणासाठी?

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. स्वयंसेवकाने रात्री जागून नोंदी तपासायच्या, आणि त्यांचा लाभ उठवायचा तो अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी! विकिडेटाचा मजकूर विनाअट खुला असल्याने कोणतीही कंपनी तो उचलून आपल्या शोधयंत्रात, बोलक्या सहायकात वा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीत वापरू शकते, आणि त्याबद्दल स्वयंसेवकाला एक पैसाही देणे लागत नाही. मग ही शिस्त म्हणजे भांडवलदाराच्या शेतात वेठ नव्हे काय?

या आक्षेपाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विकिडेटाच्या उभारणीला प्रारंभी ज्यांनी पैसा दिला त्यांत गूगलही होती, आणि तिने तो केवळ परोपकारबुद्धीने दिला असे मानण्याचे कारण नाही. परंतु पर्यायाचा विचार करावा. विकिडेटापूर्वी ‘फ्रीबेस’ नावाचा असाच एक सामुदायिक माहितीसंग्रह होता. हजारो लोकांनी त्यात श्रम घातले. तो एका खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. २०१० मध्ये ती कंपनी गूगलने विकत घेतली, आणि २०१६ मध्ये तो संग्रह बंद झाला. त्यातील माहितीचा काही भाग विकिडेटाने सांभाळला हे खरे, पण संपादकांचा जो समाज तेथे उभा राहिला होता तो उखडला गेला. ज्या घराचे कूळ आपण आहोत त्या घरावर आपला हक्क नाही, हे त्यांना मालक बदलल्यावर कळले. विकिडेटा असा विकता येत नाही. त्याची प्रत कोणीही घेऊ शकतो, पण त्याला कुलूप लावून इतरांना बाहेर काढू शकत नाही. कंपनीला फुकट मिळते ते गावच्या शाळेलाही फुकट मिळते. फरक एवढाच की कंपनीला ते वापरण्याची विद्या आहे, शाळेला अजून नाही. उपाय सामायिक संपत्ती सोडून देण्याचा नाही, शाळेला ती विद्या देण्याचा आहे.

शिवाय स्वयंसेवकांनी अंग काढून घेतले तर तोटा कंपनीचा होत नाही. ती दुसरीकडून, बंद दाराआड, माहिती विकत घेईल. तोटा होईल तो त्या गावाचा, ज्याचे नाव यंत्र चुकीचे उच्चारील. त्या चळवळीचा, जिची नोंद केवळ वसाहतकाळातील अधिकाऱ्याच्या शब्दांत शिल्लक राहील. त्या लेखिकेचा, जिचे पुस्तक दुसऱ्याच्या खात्यावर जमा होईल. कागदावर नाव नसलेल्या कुळाची जी गत झाली, ती ज्ञानाच्या दप्तरात नाव नसलेल्या समाजाची होईल.

शिकविण्याची जबाबदारी

तथापि साऱ्या शिस्तीचा भार नवख्यांवर टाकून जुन्यांनी मोकळे होणे न्याय्य नाही. विकिडेटाचे बहुतेक नियम, चर्चा आणि साहाय्यपाने आजही प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या शिक्षिकेने आपल्या गावाची नोंद सुधारली, तिच्या हातून संदर्भ राहिला, आणि एका अनुभवी संपादकाने एक शब्दही न लिहिता तिचा बदल उलटवला, तर चूक कोणाची मोठी? नियमाच्या दृष्टीने तिची, पण सामुदायिक कार्याच्या दृष्टीने त्याची. ती पुन्हा येणार नाही, आणि तिच्याबरोबर तिच्या गावाचे ज्ञानही येणार नाही. प्रत्येक बदल जसा इतिहासात जतन होतो, तसे प्रत्येक उलटवण्याचे कारणही तेथे लिहिण्याची सोय आहे. ते कारण, आणि शक्य तर नवख्याच्या भाषेत, लिहिणे हा चांगल्या संपादनाचाच भाग होय. नियमांच्या आडून चालणारी हुकूमत ही जुन्याच दारावरच्या पहारेकऱ्याचे नवे रूप आहे.

या दृष्टीने तलाठ्याच्या दप्तरातील एक पद्धत अनुकरणीय आहे. सातबाऱ्यावरील नाव सहजासहजी बदलत नाही. बदलाची नोंद आधी फेरफाराच्या वहीत होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर ती पक्की होते. या पद्धतीचा दुरुपयोग झाला तो वही वाईट होती म्हणून नव्हे. ती ज्यांना वाचता येत नव्हती त्यांच्यापासून ती दूर ठेवली गेली म्हणून. विकिडेटाची फेरफाराची वही साऱ्या जगाला उघडी आहे. कोणी, केव्हा, काय बदलले, हे कोणालाही पाहता येते आणि चूक असेल तर पूर्ववत करता येते. उघड्या वहीचा लाभ मात्र वाचता येणाऱ्यालाच होतो.

म्हणून हे काम एकट्याने, रात्री दिवा लावून शिकण्याचे राहू नये. अभ्यासवर्गाची परंपरा असलेल्या चळवळींनी, ग्रंथालय संघांनी, महाविद्यालयांनी ते हाती घ्यावे. एका तालुक्याची गावे घ्यावीत. जनगणनेचे पुस्तक आणि गॅझेटियर समोर ठेवावे. प्रत्येकाने दहा गावांची मराठी नावे, तालुका, संकेतांक आणि आधार तपासावेत. एकाची नोंद दुसऱ्याने पाहावी. महिन्याभरात संपूर्ण तालुका नीट होईल, आणि त्याहून मोलाचे म्हणजे दहा-वीस माणसे अशी तयार होतील, ज्यांना विधान आणि आधार, कालबाह्य आणि असत्य, मत आणि नोंद यांतील फरक हाताने केलेल्या कामातून कळलेला असेल. अफवांच्या आजच्या काळात अशी माणसे कोणत्याही गावाला हवीच आहेत. विद्यापीठांनी आणि राज्य शासनाच्या भाषाविषयक संस्थांनी साहाय्यपानांचे चांगले मराठी भाषांतर करवून घेतले, तर हे काम आणखी सुकर होईल. त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही, इच्छेची आहे.

१९५७ साली ज्यांची नावे दप्तरात नव्हती, त्यांच्या हाती दप्तर नव्हते. आज ते आहे. जे हात आपल्या गावाचे, आपल्या भाषेचे आणि आपल्या लढ्यांचे नाव त्यात लिहू इच्छितात, त्यांनी ते आधारासह, तारखेसह आणि दुसऱ्याच्या नोंदीचा मान राखून लिहावे. अशी लिहिलेली ओळ खोडणे मग कोणाही बलवंताला सोपे जाणार नाही.